थांबलेल्या गाडीजवळ

बसा.

गाडीच्या मागच्या चाकाशेजारी एक पोतं अंथरा आणि जमिनीवर बसा.

हातात अजून काही घेऊ नका. पाना नको. जॅक नको. नव्या ब्रेक पॅडचं खोकंही अजून फोडू नका.

खिशात चावी असेल तर उठा आणि ती घरात ठेवून या. ओट्यावर नको, उंबऱ्यावर नको. आत, देवघराच्या कोनाड्यात किंवा कपाटात, लेकराबाळांच्या सहज हाती लागणार नाही अशा जागी. लागेल तेव्हा आणू.

मग परत या. बसा.

शिरूरची सकाळ आहे. घोड नदीवरून येणारा वारा गार आहे. महामार्गावर नगरकडे निघालेला एखादा ट्रक गिअर बदलतो, तो आवाज घरांवरून येतो आणि विरतो. शेजारी कुणीतरी अंगणात सडा टाकतंय.

समोर गाडी उभी आहे.

तिच्याकडे नुसतं पाहा. काय बदलायचं, किती वाजेपर्यंत उरकेल, गॅरेजचे किती पैसे वाचतील, हे सगळं घटकाभर राहू द्या.

इंजिन बंद आहे. दिवे बंद आहेत. दारं लागलेली आहेत.

ती शांत आहे का?

लगेच उत्तर देऊ नका.

*

ऐका.

तापलेलं लोखंड निवताना टक् करतं. थोड्या वेळाने आणखी एकदा. मग बराच वेळ काही नाही.

आणि कधी कधी, सगळं थांबलं असं वाटत असताना, मागच्या चाकांतून बारीकसं घुर्र येतं. क्षणभरच.

हा आवाज ऐकलाय तुम्ही?

ज्या गाडीत हाताने ओढायचा हँडब्रेक नाही, नुसतं बटण आहे, तिच्या मागच्या दोन्ही चाकांच्या कॅलिपरवर सहसा एकेक छोटी मोटर असते. वाघोली-शिक्रापूरच्या कोंडीतून ब्रेक दाबत दाबत आलेल्या गाडीची डिस्क तापलेली असते, आणि तापल्यामुळे किंचित फुगलेली असते. गाडी दारात उभी राहते, ब्रेक लागतो, माणूस उतरून घरात जातो. डिस्क निवते. आकसते. पकड हलकेच सैल पडू लागते.

हे होणार याचा अंदाज गाडीला असतो. मग काही गाड्यांत, काही मिनिटांनी, कुणी बटण न दाबता ती मोटर जराशी फिरते. पकड पुन्हा घट्ट होते.

तोवर घरात चहा झालेला असतो. अंगणात कुणीच नसतं.

रिकाम्या अंगणात, चावी काढलेली गाडी आपलं आपण काम करते.

या गोष्टीपाशी थांबा. पुढे जायची घाई नाही.

एक श्वास आत. एक श्वास बाहेर.

*

शिरूरहून पुण्याच्या वाटेला लागलं की रांजणगाव येतं. महागणपतीचं देऊळ, नव्या गाडीला हार घालून नारळ फोडायला आलेली माणसं. आणि पलीकडे एमआयडीसी, कंपन्यांच्या बसगाड्या, पाळी सुटल्यावर रस्त्यावर येणारी गर्दी.

तिथल्या फियाट इंडियाच्या कारखान्यात 2017 पासून जीप कंपास तयार होते. उजव्या हाताच्या स्टिअरिंगची कंपास इथून जपानला गेली, ऑस्ट्रेलियाला गेली, ब्रिटनला गेली. लंडनजवळच्या एखाद्या घरापुढे, पावसात, शिरूर तालुक्यात जुळलेली गाडी उभी असेल.

ती गाडी मनासमोर आणा.

दोन सीटच्या मध्ये, जिथे पूर्वी हँडब्रेकचा दांडा असायचा, तिथे बोटाएवढं बटण आहे. ते वर ओढलं की मागच्या चाकांत मोटर फिरते. मोटर गिअर फिरवते, गिअर आट्यांचा दांडा फिरवतो, दांडा पिस्टनला पुढे सारतो आणि पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो.

हळूहळू पाहा. बोट. बटण. तार. मोटर. आटे. पिस्टन. पॅड. डिस्क.

बोटाचा जोर जेमतेम, एखादं पान उलटायला लागतो तेवढा. आणि दुसऱ्या टोकाला बसणारी पकड दीड टनाच्या आसपासची.

मधे कुठेही माणसाचा हात नाही. जुन्या गाडीत दांडा ओढताना तारेचा ताण मनगटाला कळायचा. किती ओढला, किती सुटला, हे हातच सांगायचा. इथे हाताला काही कळत नाही. एक पिवळा किंवा लाल दिवा काय तो सांगतो.

आट्यांचं एक बरं असतं. एकदा आवळले की वीज गेली तरी ते सुटत नाहीत. बॅटरीची तार काढा, गाडी वर्षभर पत्र्याखाली ठेवा, पकड तशीच राहते. म्हणून नुसती बॅटरी काढून मागचे पॅड निघत नाहीत. पकडीला आधी मागे बोलवावं लागतं, आणि ते बोलावणं गाडीच्या मेंदूमार्फतच जातं.

त्या बोलावण्याकडे येऊ. अजून वेळ आहे.

*

याहूनही सावध झोपणाऱ्या गाड्या आहेत.

2001 मध्ये मर्सिडीजने एसएल या गाडीत एक नवा ब्रेक आणला आणि पुढच्या वर्षी तो ई-क्लासमध्ये बसवला. सेन्सोट्रॉनिक त्याचं नाव. त्यात चालकाचा पाय एरवी ब्रेकच्या तेलाला थेट ढकलतच नाही. पाय फक्त किती थांबायचं ते सांगतो. ढकलायचं काम पंपाने आधीच भरून ठेवलेला दाब करतो. एका छोट्या टाकीत तो साठवलेला असतो, 140 ते 160 बार.

टायरमधला दाब साधारण दोन-सव्वादोन बार असतो. आता 140 मनात आणून पाहा.

गाडी कुलूपबंद, निजलेली. कुणी रिमोटचं बटण दाबतं, किंवा दार उघडतं. आणि गाडी जागी होते. चालक बसायला आलाय असं समजून ती ब्रेक तपासू लागते. पिस्टन हलू शकतात.

चाकापाशी कुणी पॅड काढून बसलं असेल, आणि त्याची बोटं त्या रिकाम्या जागेत असतील, तर?

इथे पुढचं वाक्य लिहीत नाही. तुम्हीही ते मनात पुरं करू नका. नुसतं हात पाहा. स्वतःचे दोन्ही हात. दहाही बोटं. हलवून पाहा.

त्या ब्रेकचं काम आधी संगणक जोडून तो झोपवल्याशिवाय करायचं नाही, असा नियमच आहे. 2004 मध्ये कंपनीने जगभरातून 6 लाख 80 हजार गाड्या या ब्रेकसाठी परत बोलावल्या, आणि 2006 मध्ये ई-क्लासमधून तो ब्रेक काढूनही टाकला. पण त्या सालातल्या गाड्या अजून फिरतात. पुण्यात स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली एखादी इकडे कुणाच्या गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी असू शकते. तशी असेल तर तिच्याजवळ बसा, तिला धुवा, पुसा. ब्रेकला हात लावू नका. यात चर्चेला जागा आहे असं मला वाटत नाही.

टोयोटाच्या प्रियससारख्या हायब्रिड गाड्याही दाराच्या आवाजाने जाग्या होतात. चालकाचं दार उघडलं की आत कुठेतरी पंप घुरघुरतो.

बसलेल्या बैलाच्या मागच्या पायाला कुणी न सांगता हात लावत नाही. समोरून जातात, नाव घेऊन हाक मारतात, पाठीवर हात ठेवतात. मग पाय उचलतात.

तसंच इथे.

*

आता जमिनीकडे पाहा.

तुम्ही कशावर बसला आहात?

हात टेकवा. तळहात सगळा टेकवा.

कोबा असेल तर तो गार आणि घट्ट लागेल. मुरूम असेल तर खडे टोचतील. भीमेच्या काठाला, दौंडच्या बाजूला, काळी माती असेल. ती उन्हाळ्यात दगडासारखी वाटते, पण भेगाळलेली असते, आणि एका पावसात लोणी होते. तिच्यावर जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो.

काळ्या मातीवर हे काम करू नका. कोब्यावर या. कोबा नसेल तर एखाद्या पक्क्या, सपाट जागेवर जा, तिथेच पुन्हा बसा आणि पुन्हा तळहात टेका.

उतार आहे का? डोळ्याला दिसत नाही तो उतार पाण्याला दिसतो. तांब्याभर पाणी ओता. कुठे जातं ते पाहा.

पाणी जाऊ द्या. पाहत राहा.

ते जिकडे निघालं तिकडेच गाडीलाही जावंसं वाटतं. पाणी जागीच पसरलं तर जागा चांगली.

*

मला इथे दौंडचं स्टेशन आठवतं.

तुम्हीही या. फलाटावर उभे राहा. डोळे मिटले तरी चालतील.

गाडी येऊन थांबते. आणि तिच्या पोटाखालून एक लांब सुस्कारा सुटतो. फुस्स्स. मग थोडं थांबून आणखी एक.

पुण्याहून मनमाडच्या वाटेला जाणाऱ्या कितीतरी गाड्यांचं इंजिन इथे वर्षानुवर्षं एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावलं गेलं. दौंड स्टेशन टाळून जाणारी कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या परस्पर निघून जातात. पण इंजिन बदलताना फलाटावर जो उभा राहिलाय, त्याच्या कानात तो सुस्कारा आहे.

गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक नळी जाते. तिच्यात हवा भरलेली असते, दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाबाने. ही हवा आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. हवा गेली की ब्रेक लागतात. डबे तुटले, नळी फाटली, काहीही झालं तरी हवा जाते आणि गाडी थांबते. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1872 मध्ये हे असं उलटं करून ठेवलं, आणि आगगाड्या अजून त्याच उलट्या रीतीने थांबतात.

दाब म्हणजे इथे मोकळीक. दाब गेला की पकड.

मोटारीत नेमकं याच्या उलट. तिथे दाब म्हणजेच पकड. म्हणून मोटारीच्या चाकापाशी बसताना एकच विचारायचं असतं: दाब अजून कुठे राहिलाय का?

आणि रेल्वेतली माणसं आणखी एक गोष्ट करतात, ती मला फार आवडते. बराच काळ उभ्या राहणाऱ्या डब्यांच्या ब्रेकमधली हवा हळूहळू झिरपून जाते, पकड ढिली होते, हे त्यांना माहीत असतं. म्हणून ते ब्रेकवर विसंबत नाहीत. चाकांपुढे लोखंडी पाचरी सारतात, चाकं साखळीने रुळाला बांधतात. एवढ्या यंत्रणेनंतरही शेवटी चाकापुढे एक पाचर.

फलाटावरून परत या. कोब्यावर.

चार चांगले दगड शोधा. गोल नकोत, कोन असलेले.

*

दगड पुढच्या चाकांना लावा. पुढून आणि मागून.

पुढच्याच का, ते जरा मनात आणा. आपण मागचे ब्रेक सोडणार आहोत. मागची चाकं उचलणार आहोत. मग गाडीला जागेवर धरायला पुढचीच चाकं उरतात. गिअर पी मध्ये आहे, ठीक आहे. तरी दगड असू द्या.

मागच्या चाकांचे नट आत्ताच, चाक जमिनीवर असतानाच, अर्धा आटा सैल करा. फक्त अर्धा. चाक वर गेल्यावर जोर लावायचा नाही.

आता चावी आणा.

एकटेच आणा, आणि घरातल्यांना सांगून आणा. मी ब्रेकचं काम करतोय, किंवा करतेय. गाडीत कुणी बसायचं नाही, बटणं दाबायची नाहीत. मोठ्याने सांगा. आजीला ऐकू जाईल असं सांगा. धाकट्याला दोनदा सांगा, कारण त्याला स्टिअरिंगमागे बसायला सगळ्यात जास्त आवडतं.

कंपासमध्ये समोरच्या पडद्यावरच्या सेटिंगमध्ये ब्रेकच्या दुरुस्तीची एक अवस्था दिलेली आहे. गाडी पूर्ण थांबलेली हवी, पार्किंगचा ब्रेक सुटलेला हवा, गिअर पी किंवा न्यूट्रलमध्ये हवा. तिथे होकार दिला की मागच्या मोटरी उलट्या फिरतात आणि आट्यांचा दांडा पार मागे नेतात. ब्रेकचा दिवा लुकलुकत राहतो.

ऐका. घुर्र. या वेळी थोडं लांब. डावीकडून आणि उजवीकडून.

नुसता बटणाने ब्रेक सोडून भागत नाही, ते एवढ्याचसाठी. इंजिन बंद केलं की यातल्या बऱ्याच गाड्या आपणहून ब्रेक पुन्हा लावतात. दुरुस्तीची अवस्था म्हणजे गाडीला हाक मारून, पाठीवर हात ठेवून, आता उठू नकोस असं सांगणं. काही गाड्यांत हे पडद्यावरून होत नाही, स्कॅनर जोडावा लागतो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बसून वाचा. त्यात सापडलं नाही आणि स्कॅनर नसेल, तर आजचं काम इथेच संपलं. नट पुन्हा आवळा, दगड बाजूला ठेवा, चहा घ्या.

सापडलं असेल तर गाडी बंद करा. बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण सैल करून ठेवा. दार हळू लावा.

चावी परत आत. त्याच कोनाड्यात.

परत या. बसा.

एक श्वास आत. एक श्वास बाहेर.

*

जॅक लावा. गाडी हळूहळू वर येऊ द्या. मग तिला लोखंडी स्टँडवर टेकवा. जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. स्टँडवर टेकल्यावर बाजूने हाताने हलवून पाहा. हललीच तर खाली उतरवा, पुन्हा लावा.

चाक काढा. ते गाडीखाली आडवं सारून ठेवा. समजा, काही घसरलंच, तर गाडी चाकावर येईल.

आता समोर पाहा.

डिस्क आहे. चकाकणारी, वर्तुळाकार बारीक रेघा उठलेली. तिला वरून कवेत घेऊन बसलेला कॅलिपर आहे. त्याच्या पाठीला मोटरीची काळी डबी. तिच्यातून निघालेली तार. जवळूनच चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची आणखी एक तार जाते. त्यांना ओढू नका, नुसत्या पाहा.

आणि डिस्क आणि पॅड यांच्या मधे एक फट आहे.

तिथे नजर ठेवा.

जवळ जाऊ नका, आणि खोल श्वास घेऊ नका. मघापासून श्वास घ्या, श्वास घ्या म्हणतोय खरं. पण इथली काळपट भुकटी छातीत जायच्या लायकीची नाही. जुन्या काळच्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. आजही ही धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही. तोंडाला मास्क लावा, ओल्या फडक्याने हलकेच पुसा.

मग पुन्हा त्या फटीकडे पाहा.

किती आहे ती? मिलिमीटरभरही नाही. कागद सरकवावा इतकी. काही ठिकाणी तीही दिसत नाही, पॅड नुसतं टेकल्यासारखं वाटतं.

एवढ्याशा जागेत गाडीचं धावणं आणि थांबणं दोन्ही आहे.

ही फट ठेवतं कोण? तिथे स्प्रिंग नाही. पिस्टनच्या भोवती एक चौकोनी काठाचं रबराचं कडं आहे. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि ते कडं त्याच्याबरोबर किंचित मुरडतं. पाय उचलला की कडं आपल्या मूळ आकाराला येतं, येता येता पिस्टनला केसभर मागे आणतं. बस, तेवढंच. दिवसातून शेकडो वेळा. रबर मुरडतं, सुटतं.

पाहत राहा.

मुरडतं. सुटतं.

रात्रीची वेळ मनात आणा. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता, मधे भीमा. उसाचा हंगाम. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, कारखान्याकडे निघालेल्या. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. ऊस बाहेर लोंबतोय. तुमच्या दिव्याच्या उजेडात तो अचानक येतो, आणि पाय पेडलवर जातो.

ती केसभर फट त्या क्षणी मिटते.

गाडीतली सगळी माणसं पुढे झुकतात आणि पुन्हा मागे टेकतात. कुणीतरी झोपेतून विचारतं, काय झालं?

काही नाही. झोप.

या फटीजवळ हवं तितकं थांबा. घड्याळ पाहू नका.

*

पॅडचं अस्तर किती उरलंय? नवं असताना साधारण 10 मिलिमीटर असतं. 3 च्या आसपास आलं की बदलायचं. आतलं पॅड आणि बाहेरचं पॅड, दोन्ही पाहा; ती सारखी झिजत नाहीत.

कॅलिपरचे बोल्ट काढा. कॅलिपर निघेल. त्याला रबरी नळीवर लोंबू देऊ नका, तारेने वर टांगा. पॅड काढा.

आता जागा रिकामी आहे. पिस्टन समोर उघडा आहे.

क्षणभर हात मागे घ्या.

चावी कुठे आहे? कोनाड्यात. गाडीत कुणी आहे का? नाही. कुणी दार उघडलं का? नाही. मोटरी मागे गेल्या होत्या का? गेल्या होत्या, दोन्हीकडून आवाज आला होता.

मग हात पुढे.

पिस्टनला क्लॅम्पने, सरळ, सावकाश, आत सारा. अगदी सावकाश. बोनेटखाली ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण सैल करून ठेवलंय ना? पिस्टन आत जातो तसं तेल डब्यात वर चढतं. कुणी मधे काठोकाठ भरून ठेवलं असेल तर सांडतं, आणि हे तेल गाडीचा रंग खातं. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा.

पिस्टन जात नाही?

थांबा. जोर वाढवू नका. दांडा अजून पुढे असेल तर आतले आटे मोडतील, गिअर मोडेल. मग पॅडच्या किमतीचं काम कॅलिपरच्या किमतीवर जातं. परत जा. पुस्तिका, पडदा, दिवा.

तेल बदलायचं असेल तर ते आज नको. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पितं. डॉट 4 चं कोरं तेल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायल्यावर तेच 155 पर्यंतही खाली येऊ शकतं. म्हणून ते बदलायला हवंच. पण इलेक्ट्रॉनिक ब्रेकमध्ये हवा शिरली तर ती आतल्या झडपांत दडून बसते आणि स्कॅनरशिवाय पुष्कळदा निघत नाही. हे मी गॅरेजवाल्याकडेच देईन. घरी करून दाखवण्यात काही मोठेपणा नाही.

नवे पॅड बसवा. तेलकट हात अस्तराला लावू नका. कॅलिपर परत, बोल्ट परत, पुस्तिकेत दिलेल्या ताकदीनेच.

चाक चढवा.

मग दुसऱ्या बाजूला जा. पोतंही घेऊन जा. तिकडेही आधी बसा, आधी पाहा. एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने असे ठेवत नाहीत.

*

दोन्ही चाकं चढली. गाडी जमिनीवर आली. नट आवळले, समोरासमोरचे जोडीने, आणि मग एकदा फिरून सगळे. ब्रेक ऑइलचं झाकण लावलं.

दगड अजून काढू नका.

आता चावी आणा.

सीटवर बसा. पाय पेडलवर ठेवा. हळू दाबा.

पेडल खाली जातं. जास्तच खाली, जणू खाली काही नाहीच.

घाबरू नका, पिस्टन आत सारले आहेत, त्यांना आता पॅडपर्यंत यायचं आहे. सोडा. पुन्हा दाबा. सावकाश. पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या वेळी तळव्याला काहीतरी लागतं. घट्ट. तेच हवं होतं. ज्याने हे न करता गाडी थेट रिव्हर्सला टाकली, त्याची गाडी थांबते ती मागच्या भिंतीला लागून.

पेडल मध्यम जोराने दाबून धरा. बटण वर ओढा.

ऐका.

डावीकडून घुर्र. उजवीकडून घुर्र. दोन्ही आले?

पाहा. लुकलुकणारा दिवा गेला का? बटण सोडा, पुन्हा ओढा. दोन-तीनदा करा.

एकाच बाजूने आवाज आला, किंवा दिवा तसाच राहिला, तर गाडी आज फाटकाबाहेर जाणार नाही. रविवार असू द्या, लग्नाला जायचं असू द्या. एसटीने जा.

दोन्ही आले असतील तर बोनेट उघडून तेलाची पातळी पाहा. दगड काढा. गाडी अंगणातल्या अंगणात हातभर पुढे घ्या आणि ब्रेक दाबा. हातभर मागे घ्या आणि दाबा. मग गल्लीच्या टोकापर्यंत, चालत्या माणसाच्या वेगाने. पहिले काही दिवस नवं अस्तर डिस्कवर बसायला जातात, तोवर पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. आणि उद्या सकाळी पुन्हा एकदा नट तपासा.